दोन वाटा खरंच दोन आहेत का? सर्व्हर ते स्टोरेज पाथची तपासणी

सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत दोन वाटा ठेवल्या की एक मेली तरी काम थांबत नाही. पण त्याच कारणाने एक वाट मेली तरी कुणाला कळतही नाही. ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालू असते, चलनं निघत असतात, काट्यावर गाड्यांचं वजन होत असतं, आणि सर्व्हर महिनोन्महिने एकाच केबलवर चाललेला असतो. मग कधीतरी स्टोरेजचं फर्मवेअर बदलायला माणूस येतो, स्टोरेज चालवणाऱ्या दोन कंट्रोलरपैकी एक रीबूट करतो आणि अख्खा कारखाना उभा राहतो. त्या दिवशी बिघडलेलं काही नसतं. जे बिघडायचं ते केव्हाच बिघडून गेलेलं असतं.

मी शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या काही फौंड्री आणि मशीन शॉपचे सर्व्हर सांभाळते. माझ्या हाताखाली नवीन मुलं येतात, त्यांना मी जे शिकवते तेच इथे लिहिते आहे. सगळं लिनक्सवरच्या डीएम-मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा एकत्र सांभाळणारी सोय) आणि आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) यांच्याबद्दल आहे. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप मात्र इंग्रजीत करायच्या. फायबर चॅनेल वापरणाऱ्यांना मल्टिपाथचा भाग जसाच्या तसा लागू पडेल; नेटवर्कच्या जागी एचबीए, झोनिंग आणि फॅब्रिक स्विच आहेत असं समजून वाचा.

आधी कागद आणि पेन

टर्मिनल उघडण्याआधी रॅकसमोर उभं राहा आणि चित्र काढा. सर्व्हरला स्टोरेजसाठी दोन नेटवर्क पोर्ट, मधे दोन स्विच, पलीकडे स्टोरेजचे दोन कंट्रोलर, ए आणि बी. पहिला पोर्ट पहिल्या स्विचला, दुसरा दुसऱ्याला. प्रत्येक स्विचमधून एक केबल ए कंट्रोलरला, एक बी ला. म्हणजे एका लनसाठी (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली एक डिस्क) सर्व्हरला चार पाथ, म्हणजे चार वाटा, दिसले पाहिजेत. हा चारचा आकडा कागदावर मोठा लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. काढलेल्या चित्रातली प्रत्येक केबल हाताने मागोवा घेत तपासा. केबलवरच्या लेबलवर विश्वास ठेवू नका, कारण लेबल लावणारा माणूस आणि नंतर केबल हलवणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात.

चित्र काढताना एकच प्रश्न विचारत राहा: ही एक वस्तू गेली तर दोन्ही वाटा जातील का? कोल्हापुरातून शिरोलीला जायला हायवेचा पूल आहे आणि कसबा बावड्यातून शियेवरून जाणारा रस्ताही आहे. दोन रस्ते आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो, पण दोन्ही पंचगंगाच ओलांडतात. पाणी चढलं की आधी बावडा-शिये बंद होतो, आणि चढतच राहिलं तर हायवेही जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपण ते बघितलंय. रॅकमध्येही अशी एक पंचगंगा कुठेतरी असतेच. दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्क कार्डावर असतात. किंवा स्विच दोन असतात, पण दोघांच्या पॉवर कॉर्ड एकाच बोर्डात खोचलेल्या असतात. आमच्या भागात हा दुसरा प्रकार जास्त आढळतो. फौंड्रीत इंडक्शन फर्नेस लोडवर आली की व्होल्टेज खाली-वर होतं, एखादा यूपीएस बसतो, आणि त्या एका यूपीएसबरोबर दोन्ही स्विच बंद. एक स्विच एका यूपीएसवर, दुसरा दुसऱ्यावर. सर्व्हरच्या आणि स्टोरेजच्या दोन-दोन पॉवर सप्लायचंही तसंच. याला फारसा खर्च नाही, फक्त कॉर्ड इकडची तिकडे करायची आहे.

आता सर्व्हर काय म्हणतो ते

रूट होऊन ही आज्ञा द्या:

मल्टिपाथ -एलएल

समोर साधारण असं दिसेल:

एमपाथए डीएम-२
साईज=२.०टी फीचर्स='१ क्यू_इफ_नो_पाथ' एचडब्ल्यूहँडलर='१ अलुआ'
पॉलिसी='सर्व्हिस-टाइम ०' प्रायो=५० स्टेटस=ॲक्टिव्ह
३:०:०:१ एसडीबी ८:१६ ॲक्टिव्ह रेडी रनिंग
४:०:०:१ एसडीसी ८:३२ ॲक्टिव्ह रेडी रनिंग
पॉलिसी='सर्व्हिस-टाइम ०' प्रायो=१० स्टेटस=एनेबल्ड
५:०:०:१ एसडीडी ८:४८ ॲक्टिव्ह रेडी रनिंग
६:०:०:१ एसडीई ८:६४ फेल्ड फॉल्टी रनिंग

प्रत्येक पाथच्या शेवटचे तीन शब्द तीन वेगळ्या जणांची मतं आहेत. पहिला शब्द डिव्हाइस मॅपरचा (सगळे पाथ जोडून एकच डिस्क दाखवणारा कर्नलचा भाग): या पाथवर मी डेटा पाठवतोय की नाही. दुसरा चेकरचा: मी पाथला हाक मारली, ओ आली की नाही. तिसरा कर्नलच्या स्कझी थराचा: डिस्क माझ्या यादीत कोणत्या अवस्थेत आहे. वरच्या उदाहरणात एसडीईला ओ आली नाही म्हणून तो फॉल्टी, आणि म्हणून डिव्हाइस मॅपरने तो फेल्ड धरला.

दुसऱ्या गटासमोरचा 'एनेबल्ड' बघून नवीन मुलं घाबरतात. तो बिघाड नाही. प्रायो (प्राधान्य) ५० चा गट म्हणजे ज्या कंट्रोलरकडे त्या लनची मालकी आहे त्याच्याकडचे पाथ, आणि १० चा गट म्हणजे दुसऱ्या कंट्रोलरमधून वळसा घालून जाणारे. पहिला गट शाबूत आहे तोवर दुसरा राखीव बसतो. अलुआ (कोणता पाथ जवळचा, कोणता वळशाचा हे स्टोरेजने सर्व्हरला सांगायची पद्धत) वापरणाऱ्या स्टोरेजवर हे असंच दिसायला हवं. चारही पाथ एकाच गटात सारख्याच प्रायोने दिसले तर अलुआ ओळखला गेलेला नाही, आणि अर्धा डेटा विनाकारण लांबून फिरतोय. स्टोरेजच्या मॅन्युअलमध्ये त्या मॉडेलसाठी दिलेली नोंद मल्टिपाथ.कॉन्फमध्ये आहे का ते तेव्हा तपासा.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फेल्ड दिसणारा पाथ बरा, न दिसणारा पाथ वाईट. चारऐवजी दोनच ओळी दिसल्या आणि दोन्ही रेडी असल्या, तर आऊटपुट एकदम निरोगी वाटतं. लाल काही नाही, फॉल्टी काही नाही. सर्व्हर रीबूट झाल्यावर दोन सेशन (सर्व्हर आणि स्टोरेजच्या एका पोर्टमधली आयस्कझीची जोडणी) लॉगिनच झाली नाहीत की हे होतं. म्हणून आधी ओळी मोजा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. अवस्था त्यानंतर वाचा.

ओळ गायब असेल तर पहिला संशय हा घ्या, की त्या पोर्टलच्या (स्टोरेजच्या पोर्टचा नेटवर्क पत्ता) नोंदीत स्टार्टअप 'मॅन्युअल' राहिलंय आणि 'ऑटोमॅटिक' केलेलं नाही. आयस्कझीएडीएम -एम नोड ने सगळ्या नोंदी बघा, आयस्कझीएडीएम -एम सेशन ने चालू सेशन बघा. नोंद आहे पण सेशन नाही, तर हाताने लॉगिन करून बघा आणि मिळणारी एरर वाचा. नोंदच नाही, तर डिस्कव्हरी (स्टोरेजला तुझ्याकडे काय आहे असं विचारणं) त्या पोर्टलवर कधी झालीच नव्हती.

कोण कोण एकत्र मेलंय?

पाथ मेलेला दिसला की लगेच केबल उपसायला धावू नका. आधी कोणते पाथ एकत्र गेलेत ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. त्यासाठी प्रत्येक डिस्क कोणत्या पोर्टवरून कोणत्या कंट्रोलरला जाते हे माहीत हवं:

आयस्कझीएडीएम -एम सेशन -पी ३

इथला पी कॅपिटल. यात प्रत्येक सेशनखाली पोर्टलचा पत्ता, सर्व्हरचा स्वतःचा पत्ता आणि शेवटी जोडलेल्या डिस्कचं नाव येतं. ती नावं कागदावरच्या चित्रातल्या रेषांवर लिहा. एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, म्हणून मागच्या वेळचा कागद वापरू नका.

सर्व्हरच्या एकाच पोर्टवरचे दोन्ही पाथ गेले असतील तर दोष सर्व्हर ते स्विच या टप्प्यात किंवा त्या स्विचमध्येच. एकाच कंट्रोलरकडे जाणारे दोन्ही गेले असतील तर तो कंट्रोलर, आणि मग सर्व्हरवर वेळ घालवू नका, स्टोरेजच्या स्क्रीनवर जा. एकच पाथ गेला असेल तर स्विच ते कंट्रोलर ही एकच केबल, तिची दोन टोकं, किंवा स्टोरेजचा तो पोर्ट. आणि दुसरेही सर्व्हर त्याच स्टोरेजला जोडलेले असतील तर त्यांच्यावरही तीच आज्ञा चालवा. सगळ्यांचे तेच पाथ गेले असतील तर सर्व्हर निर्दोष सुटला.

मग लॉग. जर्नलसीटीएल -के मध्ये त्या वेळेच्या आसपास 'डिटेक्टेड कॉन एरर' शोधा आणि कंसातला आकडा वाचा. १०२० म्हणजे समोरच्या बाजूने टीसीपी कनेक्शन बंद झालं. तेव्हा मी आधी स्टोरेजचा इव्हेंट लॉग उघडते. १०२२ म्हणजे सर्व्हरने तपासणीचा निरोप पाठवला आणि ठरलेल्या वेळात उत्तरच आलं नाही. त्याच्याजवळ 'पिंग टाइमआऊट' अशी ओळही असते. उत्तर न येणं हे बहुधा मधल्या वाटेचं दुखणं, म्हणून तिथे केबल, स्विच, पोर्ट या क्रमाने जाते. हा पक्का नियम नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

लाइट हिरवी आहे म्हणून काय झालं

शिरोलीतल्या एका फौंड्रीत रोज संध्याकाळी ईआरपी अडकायची. दिवसभर ठीक, पण शिफ्टचा हिशोब आणि बॅकअप एकत्र सुरू झाले की अर्धा-पाऊण मिनिट सगळं गोठायचं, सुटायचं, पुन्हा गोठायचं. मल्टिपाथ -एलएल बघावं तर चारही पाथ रेडी. लॉगमध्ये मात्र एकच पाथ मेला, उठला, मेला, उठला, अशी रांग. कारखान्याचे इलेक्ट्रिशियन मामा स्विचपाशी उभे राहून म्हणाले, "ताई, लाइट तर हिरवीच हाय की. मग बिघडलंय काय?"

हिरवी लाइट म्हणजे दोन टोकांमध्ये लिंक आहे एवढंच. तिथे घोळ एमटीयूचा (नेटवर्कवरच्या एका गठ्ठ्यात, म्हणजे फ्रेममध्ये, जास्तीत जास्त किती बाइट जातात तो आकडा) होता, आणि हा घोळ नीट समजून घ्यावा असा आहे. सर्व्हरवर आणि स्टोरेजवर जंबो फ्रेम, म्हणजे ९००० चा एमटीयू लावलेला. स्विच बदलताना नवीन स्विचवर मात्र ते सेटिंग राहून गेलेलं, तो १५०० च्याच आसपासची फ्रेम जाऊ देत होता. आता बघा काय होतं. लॉगिनचे निरोप छोटे, ते जातात. चेकर टेस्ट युनिट रेडी ही आज्ञा पाठवतो, तीही छोटी, जाते; म्हणून पाथ रेडी. पण मोठा डेटा लिहायला घेतला की ९००० ची फ्रेम स्विच गुपचूप टाकून देतो, कुणाला काही सांगत नाही. सर्व्हर वाट बघतो. स्कझी आज्ञेची मुदत ठरलेली, नेहमीची ३० सेकंद. ती संपली की पाथ फेल्ड. पाच सेकंदांनी चेकर पुन्हा हाक मारतो, छोट्या निरोपाला ओ येते, पाथ पुन्हा रेडी. पुन्हा त्यावर मोठा डेटा, पुन्हा तेच चक्र. दिवसा छोटी-छोटी कामं असतात म्हणून कुणाला जाणवत नाही, बॅकअप सुरू झाला की सगळं उघडं पडतं.

याची परीक्षा एका ओळीची आहे:

पिंग -एम डू -एस ८९७२ -आय पोर्टचं-नाव स्टोरेजचा-पत्ता

८९७२ कुठून आले? ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले. '-एम डू' म्हणजे तुकडे करायचे नाहीत. या आज्ञेत एम आणि आय कॅपिटल, एस लहान. उत्तर नीट आलं तर त्या वाटेवर जंबो फ्रेम शेवटपर्यंत जाते. 'मेसेज टू लाँग' असं ताबडतोब आलं तर सर्व्हरच्याच पोर्टवर एमटीयू कमी आहे. आणि काहीच न येता पॅकेट हरवत राहिली, पण साधं पिंग मात्र चालतंय, तर मधला स्विच किंवा स्टोरेजचा पोर्ट गुन्हेगार. ही परीक्षा चारही वाटांवर वेगवेगळी करा. एका वाटेवर पास झाली म्हणून बाकीच्या पास होत नाहीत.

माझं मत विचाराल तर एक-गिगाबिटच्या जुन्या नेटवर्कवर जंबो फ्रेमच्या मागे लागू नका. मिळणारा फायदा थोडा आणि कुठेतरी एक स्विच विसरला की वरचा त्रास. दहा-गिगाबिटवर लावायचीच असेल तर सर्व्हर, दोन्ही स्विच आणि दोन्ही कंट्रोलर, सगळीकडे एकाच बैठकीत लावा आणि लगेच पिंग घेऊन बघा.

पाथ मरतो-उठतो याचं दुसरं कारण म्हणजे खराब केबल किंवा मळलेलं फायबर. फौंड्रीत काळी बारीक धूळ सगळीकडे जाते, बंद रॅकमध्येसुद्धा. एथटूल -एस पोर्टचं-नाव (एस कॅपिटल) हे चालवा आणि सीआरसी (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा आकडा) किंवा एरर असलेल्या ओळी बघा. तो आकडा सर्व्हर चालू झाल्यापासूनचा साठलेला असतो, म्हणून एकदा बघून काही कळत नाही. एकदा बघा, चहा घेऊन या, पुन्हा बघा. वाढत असेल तर आजचा रोग, तिथेच थांबलेला असेल तर जुना डाग. मात्र हे मोजमाप सर्व्हरकडे येणाऱ्या बाजूचं आहे. स्विचच्या पोर्टवरचे आकडेही स्विचवर जाऊन बघायला हवेत. फायबर असेल तर एथटूल -एम ने येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते. दोन सारख्या पोर्टमध्ये एकाची ताकद बरीच कमी असेल तर टोक साफ करा, फायबर साफ करायच्या पेननेच. शर्टाच्या बाहीने पुसलेलं टोक आधीपेक्षा वाईट होतं. आणि नुसतं एथटूल चालवून स्पीडही बघून घ्या, दहा-गिगाबिटचा पोर्ट एक-गिगाबिटवर घसरून बसलेला असतो आणि लाइट तेव्हाही हिरवीच असते.

चार सेशन, पण सगळी एकाच तारेतून

हा प्रकार ओळखायला सगळ्यात अवघड, कारण सगळं बरोबर दिसतं. चार सेशन लॉगिन, चार पाथ रेडी, आकडा जुळतो. पण सर्व्हरचे दोन्ही स्टोरेज पोर्ट एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात) दिलेले असतात, समजा दोघांनाही १०.१०.१ मधले पत्ते. लिनक्स कुठल्या पोर्टवरून पाठवायचं हे रूटिंगच्या तक्त्यावरून ठरवतो, आणि एका सबनेटसाठी त्याला एकच पोर्ट पुरतो. मग चारही सेशन पहिल्याच पोर्टमधून बाहेर पडतात. त्या पोर्टची केबल निघाली की चारही पाथ एकदम मेले.

आयपी -एस लिंक चालवून दोन्ही पोर्टचे टीएक्स (पाठवलेले) बाइट बघा, थोडं थांबून पुन्हा बघा. एकाचा आकडा भराभर पळतोय आणि दुसरा जागचा हलत नाही, तर तुमची दुसरी वाट फक्त चित्रात आहे. आयपी रूट गेट आणि पुढे स्टोरेजचा पत्ता दिला तरी कोणत्या पोर्टने जाणार ते कळतं.

उपाय: दोन पोर्टना दोन वेगळी सबनेट. पहिला स्विच १०.१०.१, दुसरा १०.१०.२, आणि स्टोरेजच्या पोर्टनाही तसेच पत्ते. दोन्ही स्विच एकमेकांना जोडू नका, गरजच उरत नाही. काही स्टोरेजना सगळे पोर्ट एकाच सबनेटमध्ये लागतात. तेव्हा आयस्कझीएडीएममध्ये प्रत्येक पोर्टसाठी वेगळा इंटरफेस बांधावा लागतो आणि सिस्टिमसीटीएलमध्ये आर्प इग्नोर १, आर्प अनाउन्स २, आरपी फिल्टर २ करावं लागतं, नाहीतर एका पोर्टच्या पत्त्याला दुसराच पोर्ट उत्तर देतो. आणि या पोर्टचं बाँडिंग (दोन पोर्ट जोडून एकच दाखवणं) करू नका. ऑफिसच्या नेटवर्कसाठी बाँडिंग चांगलं, पण इथे वाटा सांभाळायचं काम मल्टिपाथचं आहे. बाँडखाली दोन पोर्ट लपवले की त्याला मोजायला वाटच उरत नाही.

याच घरातला आणखी एक दोष: मल्टिपाथ छान चालू आहे, पण एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) कुणीतरी /डेव्ह/एसडीबी१ असंच लिहून ठेवलंय. एलएसबीएलके ने झाड बघा. डेटाची फाइल सिस्टिम किंवा एलव्हीएम (डिस्कचे हवे तसे भाग पाडणारी लिनक्सची सोय) हे एमपाथच्या फांदीखालीच लटकलेलं दिसलं पाहिजे. थेट एसडीबीखाली असेल तर त्या एका पाथबरोबर सगळं जाणार. बूटच्या वेळी एलव्हीएमने मल्टिपाथच्या आधीच डिस्क पकडली तरी असं होतं. तेव्हा एलव्हीएमचं फिल्टर किंवा डिव्हाइसेस फाइल दुरुस्त करून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने बनवावा लागतो, नाहीतर पुढच्या रीबूटला पहिले पाढे पंचावन्न.

किती वेळ थांबायचं, हे कुणी ठरवलंय?

केबल निघाली, दुसरी वाट शाबूत आहे, तरी डेटाबेस दोन मिनिटं गोठला. लोक इथे घाबरून सर्व्हर रीबूट करतात आणि मग खरा गोंधळ सुरू होतो. कारण साधं आहे. ओपन-आयस्कझीमध्ये रिप्लेसमेंट टाइमआऊट मुळात १२० सेकंद असतो. कनेक्शन तुटलं तरी एवढा वेळ तो 'येईल, येईल' म्हणून डेटा धरून ठेवतो, वर मल्टिपाथला सांगतच नाही. मल्टिपाथ असताना एवढं थांबायचं कारण नाही, ५ ते १५ सेकंद पुरेत. मात्र आयस्कझीडी.कॉन्फमधला आकडा बदलून आधीच्या नोंदी बदलत नाहीत. त्या आयस्कझीएडीएमच्या अपडेटने बदलाव्या लागतात आणि सेशन एकेक करून लॉगआऊट-लॉगिन करावं लागतं. नवीन मल्टिपाथ आपल्या फास्ट आयओ फेलच्या आकड्याने हा आकडा स्वतःच खाली आणतो. म्हणून फाइलमध्ये काय लिहिलंय यावर जाऊ नका. -पी ३ च्या आऊटपुटमध्ये रिकव्हरी टाइमआऊटसमोर जे दिसेल तेच खरं.

दुसरा आकडा नो पाथ रिट्राय. सगळ्याच वाटा गेल्या तर काय करायचं ते हा ठरवतो. 'क्यू' ठेवलं तर सर्व्हर कायमचा वाट बघत बसतो. प्रोसेस डी अवस्थेत (डिस्कच्या उत्तराची वाट बघत) अडकतात, किल केल्या तरी मरत नाहीत, रीबूटही लटकतो. 'फेल' ठेवलं तर क्षणभराच्या खंडातही फाइल सिस्टिमला एरर जाते आणि ती रीड-ओन्ली होऊन बसते. मी एकट्या डेटाबेस सर्व्हरवर १२ ठेवते. चेकर दर ५ सेकंदांनी बघतो, म्हणजे साधारण एक मिनिट थांबून मग एरर. एका कंट्रोलरने दुसऱ्याचं काम हातात घ्यायला लागणारा वेळ त्यात बसतो की नाही, ते तुमच्या स्टोरेजवर मोजून ठरवा. क्लस्टर असेल तर क्लस्टरचं मॅन्युअल काय सांगतं ते पाळा. आणि क्यूमध्ये अडकलेला सर्व्हर सोडवायचा असेल तर मल्टिपाथडी डिसेबलक्यूइंग मॅप आणि पुढे मॅपचं नाव. थांबलेल्या सगळ्या कामांना एरर मिळते आणि सर्व्हर हाती येतो. हे शेवटचं हत्यार. वाट परत येण्याची आशा असेपर्यंत वापरू नका, कारण न लिहिलेला डेटा जातो.

सुट्टीच्या दिवशी केबल काढा

सेटिंग कितीही नीट असली तरी केबल काढून बघितल्याशिवाय मी कुठल्याही सर्व्हरला दोन वाटा आहेत असं म्हणत नाही. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरा, मालकांना आणि अकाउंट्सला आदल्या दिवशी सांगा, बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा. मग एका टर्मिनलवर एफआयओने (डिस्कवर भार टाकून बघायचं साधन) चाचणीच्या फाइलवर सतत लिहायला लावा. दुसऱ्यावर वॉच -एन १ मल्टिपाथ -एलएल ठेवा. पहिल्या पोर्टची केबल काढा. दोन पाथ फॉल्टी व्हायला हवेत, लिहिणं काही सेकंद अडखळून पुढे चालू व्हायला हवं. किती सेकंद, ते घड्याळावर बघून लिहून ठेवा.

केबल परत लावा आणि थांबा. चारही पाथ रेडी झालेत हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसऱ्या केबलला हात लावू नका. घाईने दुसरी काढली आणि पहिली अजून उठली नव्हती, तर चाचणीच अपघात ठरते. मग दुसरा पोर्ट, मग एकेक स्विच बंद करून, आणि शेवटी स्टोरेजच्या स्क्रीनवरून एक कंट्रोलर रीबूट करून. कंट्रोलर परत आला की प्रायो ५० चा गट पुन्हा ॲक्टिव्ह होतो का तेही बघा. फेलबॅक मॅन्युअल असेल तर तो आपोआप होणार नाही, सर्व्हर लांबच्या वाटेनेच चालत राहील.

यानंतर क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) एक छोटी स्क्रिप्ट टाका. मल्टिपाथ -एलएलमधल्या 'ॲक्टिव्ह रेडी रनिंग' ओळी मोजायच्या, आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी आला की मेल किंवा मोबाइलवर निरोप. फॉल्टी शब्द शोधणारी स्क्रिप्ट लिहू नका, ती गायब झालेल्या ओळी पकडत नाही. लन वाढवला तर स्क्रिप्टमधला आकडाही त्याच दिवशी वाढवा.

कंपनीच्या सपोर्टला फोन करायची वेळ आली तर काहीही रीबूट करण्याआधी मल्टिपाथ -एलएल, -पी ३ चं आऊटपुट, जर्नल, दोन्ही स्विचचे पोर्टचे आकडे आणि स्टोरेजचा इव्हेंट लॉग फाइलमध्ये साठवून घ्या. सर्व्हर, स्विच आणि स्टोरेज तिघांची घड्याळं एकाच एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी सेवा) आहेत का तेही बघा. स्विचचं घड्याळ पुढे-मागे असेल तर कोण आधी पडलं ते कळत नाही, आणि सर्व्हरवाले स्टोरेजवाल्यांकडे, स्टोरेजवाले स्विचवाल्यांकडे बोट दाखवत राहतात. तिघांच्या वेळा जुळल्या की पहिली एरर कुणाच्या लॉगमध्ये आली ते तुम्हीच त्यांना सांगू शकता.